चार इंच उंच

माघ लागला की विश्रामबागेतल्या माझ्या खिडकीखालून तो आवाज जातो. खरं म्हणजे बाराही महिने जातो, पण मला तो माघातच ऐकू येतो. जाड नक्षीचं टायर डांबरी रस्त्यावर फिरलं की एक घोगरी घरघर निघते. चिखलासाठी केलेलं टायर कोरड्या रस्त्यावर असंच कुरकुरत जातं. मी हातातला पेपर तपासायचा सोडून उठून बघते. पिकअपच असते. पोटाखालून कुत्रं न वाकता पलीकडं जाईल एवढी उचललेली, चाकं मडगार्डाच्या बाहेर आलेली, आणि मागचा हौदा रिकामा. चिखलाचा कुठं ठिपका नाही. थोडी धूळ बसली तरी मालक रुमालानं पुसत असतो. त्या गाडीला चिखलाची टायरं!

‘ऑफरोड’ म्हणतात म्हणे त्यांना. रस्ता सोडून जायला उपयोगी. हा शब्द जिथं जन्मला तिथले रस्ते धड असतील, म्हणून तिथल्या लोकांना ते सोडायची हौस. आमच्याकडं रस्त्यानंच आम्हाला सोडून किती वर्षं झाली. विश्रामबागेतून आमच्या गावाला जायचं तर निम्मा प्रवास तसा रस्ता सोडूनच होतो, आणि तो एसटीचं गुळगुळीत टायरसुद्धा बिनबोभाट करतं.

मी कॉलेजात गणित शिकवते. मुलं मला माघारी खवट म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणू देत. पण या टायरांच्या बाबतीत माझा खवटपणा उसना नाही, तो मी मागच्या हंगामात घरच्या घरी कमावला आहे.

माघ म्हणजे आमच्या घरी द्राक्षं उतरायचे दिवस. कृष्णेच्या काठाला आमचं रान आहे, आणि रानाच्या अलीकडच्या टोकाला घर. पहाटेचं धुकं उठायच्या आत बायका कात्र्या घेऊन वेलींखाली शिरतात आणि मग दिवसभर ती बारीक कचकच चालू राहते. पेटीत घालायच्या कागदाला एक कोरा वास असतो. मोरचूद मारून मारून खांब निळे झालेले असतात. गंधकाचा वास तर फवारणी थांबून महिना झाला तरी नाकातून जात नाही. बागेखाली उभं राहिलं की ऊन अंगावर ठिपक्याठिपक्यांनी पडतं. मला अजून या सगळ्याचा मोह होतो. लग्न केलं नाही, शहरात फ्लॅट घेतला, पण माघातला एक रविवार मी गावालाच असते. त्या रविवारी पहिली पेटी निघते.

ही पहिली पेटी व्यापाऱ्याकडं जात नाही. ती जाते बस्तीत, म्हणजे आमच्या जैनांच्या देवळात. आणि ती न्यायची अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील. त्या दिवशी ते पायातल्या वहाणा घरीच काढायचे, धुतलेलं धोतर नेसायचे, आणि गाडीत पुढं, खिडकीकडच्या जागेवर, पेटी मांडीवर घेऊन बसायचे. मांडीवरच का, तर हौद्यात ठेवली की मणी एकमेकांवर घासतात आणि त्यांच्यावरची ती पांढुरकी साय निघून जाते. साय गेलेलं द्राक्ष देवापुढं ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम. आधी बैलगाडी होती, मग भाड्याचा टेम्पो आला, मग घरची पिकअप. वाहनं बदलली, पण पुढची ती जागा कधी दुसऱ्या कुणाची झाली नाही.

एरवीही ते रोज सकाळी पिकअपमध्ये बसून पार नदीकडच्या टोकापर्यंत रानात जायचे. माझा धाकटा भाऊ शीतल गाडी चालवायचा. (आमच्याकडं शीतल हे पुरुषाचं नाव असतं. बाहेरचे लोक हसतात, आम्ही हसत नाही.) रानात जाऊन अण्णा काही काम करत होते असं नाही. दोन ओळी चालायचे, एखादा घड तळहातावर तोलून बघायचे, बायकांना चार शब्द सुनवायचे आणि परत येऊन गाडीत बसायचे. गुडघे केव्हाच गेले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बदलून घ्या. अण्णा म्हणाले होते, “गुडगं म्हंजे काय गाडीचं टायर हाय व्हय बदलाया?” मग डॉक्टर म्हणाले, निदान बसून राहू नका, चालते फिरते राहा, म्हणजे आहेत ते टिकतील. ते चालणंफिरणं त्या पुढच्या जागेवर अवलंबून होतं. हे आज मला एवढं स्वच्छ दिसतं.

आता टायर कसं निवडावं, याचं शास्त्र असतं. माल किती, रस्ता कसला, चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डाला घासेल का, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती भार घेतील. शीतलनं यातला एकही प्रश्न स्वतःला विचारला नाही. त्याचं शास्त्र निराळं होतं. आमच्या बांधाला बांध लागून चुलत्याचं रान आहे आणि ते भूपाल करतो. चुलतभाऊ. पाच वर्षांपूर्वी त्यानं ठिबक बदललं, शीतलनं बदललं. त्यानं पोर्चला खांब लावले, शीतलनं दोन जास्त लावले. मागच्या हंगामाआधीच्या दसऱ्याला भूपालनं पिकअपला मोठी चाकं घातली आणि गाडी नेमकी बस्तीसमोर उभी केली. सगळी माणसं आत पूजेला बसलेली असताना माझा भाऊ बाहेर उकिडवा बसून भूपालचं टायर वितीनं मोजत होता! मी चप्पल घालायला बाहेर आले तेव्हा पाहिलं. तीन विती झाल्यावर त्यानं उरलेली जागा बोटांनी मोजली आणि ती बोटं तशीच जुळवून धरून तो उठला, माप सांडेल अशा भीतीनं. टायराचं माप त्याच्या अंगावर छापलेलं असतं, हे बी.एस्सी. ॲग्री झालेल्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. पण भाऊबंदाचं माप छापलेलं वाचून समाधान होत नाही, हात लावून घ्यावं लागतं.

दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला. “आक्का, मिरज रोडला टायरं बगायला जायाचंय. तू ये की. हिशेबातलं तुला कळतंय.” या शेवटच्या वाक्यानं मी गेले. मला कुणी हिशेबातलं कळतं म्हटलं की मी कुठंही जाते. हा माझा जुना रोग.

दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड. रबराचा वास इतका दाट की जिभेवर येत होता. भिंतीला टांगलेल्या त्या अगडबंब चाकांकडं शीतल बस्तीतल्या मूर्तीकडंही बघत नाही अशा नजरेनं बघत होता. काळी रिम की चंदेरी, अक्षरं पांढरी की नुसती उठावाची, यावर त्यानं तासभर घालवला. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला याला पंधरा मिनिटं पुरली होती. दुकानातला मिस्त्री वयानं मोठा होता. हात पुसत पुसत तो बाहेर आला, आमच्या गाडीला एक चक्कर मारली, जुन्या टायरावर अंगठा दाबला आणि म्हणाला, “हेला काय धाड भरलीया? आजून दोन वर्सं कुटं जात न्हाईत.”

“मोठी पायजेत,” शीतल म्हणाला.

“माल काय भरताय?”

“द्राक्षं.”

मिस्त्रीनं भिंतीवरच्या टायरावर बुक्की मारली. “द्राक्षाला मऊ टायर बरं, मालक. हे लय कडक हाय. आदळतंय.” आणि मग सहज, गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, “आन् गाडीत बसतंय कोण कोण?”

“मीच की,” शीतल म्हणाला.

मी तिथंच उभी होते. मला तो प्रश्न ऐकू आला. पण मी तेव्हा गणितात होते. भिंतीवरच्या मोठ्या टायराचा व्यास जुन्यापेक्षा चार इंचांनी जास्त होता. शीतल खुशीत म्हणाला, “म्हंजे गाडी चार इंच उचलणार. भूपालची तीनच उचलल्या.” त्यावर मी हसले. वर्गात हसते तसंच. “अरे, व्यास चार इंच वाढला तर त्रिज्या दोनच वाढते. गाडी दोनच इंच वर जाणार.” मला फार बरं वाटलं. शीतलचं तोंड उतरलं. मग त्यानं मिस्त्रीला विचारलं, “उरल्यालं दोन इंच कशानं यील?” मिस्त्री नाखुशीनं म्हणाला, पाट्यांना लोखंडी ठोकळे टाकले तर येतील. “टाका.”

म्हणजे दोन इंच त्या दुकानाचे, आणि दोन माझ्या हुशारीचे.

स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली, कारण भूपालला ती दिसत नाही. वाटेत मोठं चाक पंक्चर होऊन बसलं तर गाडी एका अंगाला लंगडी उभी राहणार, हे मी सांगितलं. “कशाला बसतंय?” म्हणाला. काढलेली चार जुनी चाकं घरी आणली, कारण गाडीच्या पासिंगला जाताना तीच चढवून न्यायची असतात. सरकारपुढं गाडी जमिनीवर आणायची, गावापुढं पुन्हा वर न्यायची. अंगणात चिंचेखाली त्यानं तीन एकावर एक रचली आणि चौथं शेजारी आडवं टाकलं. नव्या चाकांखाली चार लिंबं चिरडली. आमचं घर मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारं. लिंबांचं मात्र कुणी काही ठरवलेलं नाही.

टायरं घेतली, आता चिखल हवा. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात काय चिखल होतो, तो बघावा कुणीही. बूट घातलेला माणूस चार पावलांत हत्तीपायाचा होतो. पण घरचा चिखल तो चिखल नव्हे. शीतल आणि त्याच्यासारखेच तिघे गाडीवाले मार्गशीर्षात कोयनानगरला गेले, धरणाच्या पाण्याकाठी चिखल शोधायला. घाट चढून, डिझेल जाळून, सातारा जिल्ह्यातला चिखल! तिथं आमची गाडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला साखळी लावून ओढून काढली. ट्रॅक्टरची टायरं झिजून चोपडी झाली होती, हे शीतलनं सांगितलं नाही. त्यानं हौसेनं पाठवलेल्या व्हिडिओत मला दिसलं. गाडी ओढणारा म्हातारा त्यात विचारत होता, “का आला व्हता रं पोरांनू हिकडं?”

परत आल्यावर आठवडाभर त्यानं गाडी धुतली नाही. लाल चिखल वाळून पोपडे धरले, तरी तशीच बस्तीसमोर उभी. अण्णांनी काठीच्या टोकानं त्यातला एक पोपडा पाडला, हातात घेऊन चुरला आणि म्हणाले, “ही माती आपल्यात चालत न्हाई.” तेवढंच. तोवर ते गाडीत बसलेही नव्हते. थंडी होती, गुडघे धरले होते, आणि सगळे म्हणत होते, ऊन पडलं की येतील रानात.

मग मागच्या माघातला तो रविवार आला. मी आदल्या दिवशीच गेले होते. अण्णा आंघोळ करून, धोतर नेसून, अनवाणी बाहेर आले. शीतलनं पेटी धरली होती. गाडीचं दार उघडं होतं. अण्णांनी दाराची मूठ पकडली, उजवा पाय उचलला, आणि तो पोचेना. पुन्हा उचलला. पायाचा अंगठा गाडीच्या कडेला लागला आणि खाली आला. “थांबा,” म्हणून शीतल धावला आणि द्राक्षाचा एक प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घालून त्यांच्या पायाशी ठेवला. “आवं, ह्येच्यावर पाय द्या.” अण्णांनी दिला. क्रेट जरा सरकला. तेवढ्यात बांधापलीकडून भूपालचा आवाज आला. त्यानं कुत्सितपणे म्हटलं नाही, हे मी कबूल करते, मनापासूनच म्हटलं. “काका, मी येऊ का धराया?”

अण्णांनी पाय खाली घेतला.

“तुमी जावा,” ते म्हणाले. “माजा पाय दुकतोय आज.” आणि चिंचेखाली जाऊन त्या जुन्या तीन चाकांवर बसले. उंची अगदी बेताची होती. बसताना त्यांना काही त्रास झाला नाही.

पेटी मांडीवर घेऊन कुणीतरी बसायलाच हवं होतं. मी बसले. अण्णांच्या जागेवर. मी तरणीताठी नाही, पण चढले. आणि पुढचं सांगायलाच हवं, नाहीतर वर एवढा वेळ भावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वर बसल्यावर कुंपणावरून भूपालची बाग दिसत होती. सगळी. त्याचे घड आमच्यापेक्षा बारीक होते. ते पाहून मला आनंद झाला. बस्ती येईपर्यंत मी बाहेरच बघत होते. टायरांनी प्रत्येक खड्ड्यात गाडी दाणकन आदळली, आणि बस्तीशी उतरून पाहिलं तर पेटीतले मणी सुटून कागदावर गोळा झाले होते. साय कुठं होती, कुठं नव्हती. उपाध्यांनी विचारलं, “अण्णा आलं न्हाईत?” शीतल म्हणाला, “पाय दुकतोय.” खोटं नव्हतं, म्हणून आणखीच लाज वाटली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. आमचं नाक तर घरीच राहिलं होतं, चिंचेखाली.

त्यानंतर अण्णा त्या गाडीत बसले नाहीत. शीतलनं पायरी बसवून घेतली. चकचकीत नळीची, गोल. तिच्यावर माणसाचा पाय ठरत नाही, पण उन्हात झकास चमकते. अण्णांनी तिच्याकडं पाहून घेतलं आणि म्हणाले, “गाडी तुजी हाय. मी हाय की हितं बसल्याला.” मोटरसायकलवर बसवून नेतो म्हणाला, त्यांना ते आवडलं नाही. मग हळूहळू कुणी विचारायचं सोडून दिलं. चिंचेखालच्या चाकांवर पोतं आलं, शेजारच्या चौथ्या चाकावर पाण्याचा तांब्या आला. येणारे जाणारे तिथं थांबून बोलायचे. फोनवर मी विचारलं की शीतल सांगायचा, “बरं हायेत. मजेत बसल्यात.” मलाही ते बरं वाटायचं. ज्या चाकांवरून ते रोज रानात जायचे, त्याच चाकांवर ते वर्षभर बसून राहिले. मिरजेचा डॉक्टर आम्हाला दोघांनाही आठवला नाही.

यंदा पासिंग आलं ते नेमकं माघाच्या तोंडावर. त्याच सुमारास भूपालनं आणखी मोठी चाकं घातली आणि शीतलचा जीव त्या खेळातून उडाला. मला फोन आला. आवाजात एवढा आनंद मी त्याच्या लग्नातही ऐकला नव्हता. “आक्का, जुनी चाकं चढवली. ठोकळं बी काडलं. आता परत न्हाई घालत ती. औंदा अण्णास्नी न्यायाचं.” चूक सुधारणारा माणूस चूक करताना असतो त्याहून जास्त फुगलेला असतो. पण खरं सांगायचं तर मलाही उड्या माराव्यात असं वाटलं.

परवाचा रविवार. धुकं, कात्र्यांची कचकच, कागदाचा कोरा वास. अण्णा धोतर नेसून अनवाणी बाहेर आले. एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं भिंत. अंगणाची पायरी उतरताना त्यांनी दोन्ही पाय एका पायरीवर आणले, मग पुढची घेतली. मी हे पाहत होते आणि तरी माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. गाडी खाली आलेली, गरीब, जुनी, आमची. दार उघडं. शीतल पेटी धरून हसत उभा. अण्णांनी मूठ पकडली. पाय उचलला. तो टाचेसकट वीतभर वर आला आणि थरथरत तिथंच थांबला. आम्ही दोघं त्या पायाकडं बघत राहिलो. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

शीतलच्या हातातली पेटी त्यांनी घेतली, पुढच्या जागेवर ठेवली, आणि पट्टा ओढून तिच्यावरून लावला. मग ते वळले आणि चिंचेखाली गेले.

तिथं त्यांची जागा नव्हती. ती गाडीला लागली होती. तिच्या जागी शीतलनं उतरवलेली मोठी चाकं रचली होती, चारही एकावर एक, अण्णांच्या छातीएवढी. अण्णांनी त्यांच्यावर हात ठेवला, कठड्यावर ठेवतात तसा.

“सुनंदा,” त्यांनी मला हाक मारली. “तुजं गणित काय म्हनतंय? किती खाली आली गाडी?”

“चार इंच, अण्णा.”

“आन् मी?”

शीतल गाडीकडं तोंड करून उभा राहिला. मी घरातून खुर्ची आणायला गेले. ती घेऊन परत येईपर्यंत अण्णा तसेच उभे होते.